बुआवर बंदी घालावी की घालू नये

बुआवर बंदी घालावी की घालू नये, या प्रश्नापायी यंदा गणपतीच्या आधी आमच्या घरात एकही जेवण शांतपणे झालं नाही. ही बुआ म्हणजे कोणाची आत्या नव्हे. व्हिडिओ गेममधली एक म्हातारी आहे. पाठीत जरा वाकलेली, हातात लांब दांड्याची छत्री, आणि सगळ्या जगाने आपल्याला न विचारता लग्न उरकून घेतलं आहे असा चेहरा. तिचं मूळ नाव जपानी आहे. ते लखनऊत कोणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून इथली पोरं तिला बुआ म्हणतात. समोरच्याला कोपऱ्यात गाठून ती छत्रीने बडवायला लागली, की त्याला बाहेर पडायला वाव राहत नाही. म्हणून बंदीची मागणी.

माझा या बुआशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. मी आयुष्यभर दगडफुलांवर काम केलं. मसाल्यात घालतात तेच दगडफूल. त्याचे प्रकार ओळखायचे, त्यांना नावं द्यायची, आणि आधी कोणी दुसरं नाव दिलं असेल तर निमूटपणे आपलं मागे घ्यायचं. या कामात कोणाशी बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. निवृत्तीनंतरही मी पुस्तकं घेऊन खोलीत बसलेला असतो, आणि दारावरची बेल वाजली की मनातल्या मनात प्रार्थना करतो की ती विजयासाठी, म्हणजे माझ्या पत्नीसाठी वाजलेली असावी.

त्या दिवशी बेल वाजली नाही. धोका घरातूनच आला. आमची नात अंतरा इथे कॉलेजात शिकते आणि आमच्याकडेच राहते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. लखनऊच्या महाराष्ट्र मंडळात तरुण मुलं येत नाहीत, अशी आमचे अध्यक्ष देवदत्त बेहेरे दर वर्षी तक्रार करतात, आणि दर वर्षी त्यावर उपाय म्हणून अंताक्षरी ठेवतात. यंदा अंतराने बैठकीत उभं राहून सांगितलं, की तुम्ही मारामारीच्या गेमची स्पर्धा ठेवा, शहरभरची मराठी पोरं आणते. मंडळात ती आपणहून काही बोलली, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. बोलताना तिचे कान लाल झाले होते. हे कान तिला माझ्याकडून मिळाले आहेत.

बेहेरे रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर होते. बिनशर्त परवानगी त्यांनी आयुष्यात कधी कोणाला दिलेली नाही. ते म्हणाले, "स्पर्धा घ्या. पण पंच कोणीतरी ज्येष्ठ हवा, आणि नियम लेखी हवेत. एक जरी भांडण झालं, तरी टीव्ही बंद, आणि पुढच्या वर्षीपासून परत अंताक्षरी."

अंतराने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. तरी माझं नाव लिहिलं गेलं.

खेळ समजायला सोपा आहे असं मला सांगण्यात आलं. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या असतात. मार खाल्ला की पट्टी कमी होते, संपली की राउंड गेला. मध्ये घड्याळ उलटं चालतं. वेळ संपली तर ज्याची पट्टी लांब उरली तो जिंकला. तीनपैकी दोन राउंड घेणारा पुढे जातो. एवढ्यासाठी एक कागद पुरेल असं मला वाटलं. पण मग पहिला आक्षेप आला.

छावणीत राहणारा राजस नावाचा मुलगा खेळायला एक पाटी आणतो. तिला दिशा बदलायची काठी नाही, नुसती बटणं आहेत. बाकीच्या मुलांनी फोनवरून मला कळवलं, की काठी असली तर माणूस एका वेळी डावीकडे किंवा उजवीकडेच जाऊ शकतो. बटणांच्या पाटीवर दोन्ही एकदम दाबता येतात, आणि मग पडद्यावरचा माणूस भलतंच काही करतो. ही बेईमानी आहे का? मला प्रश्न कळायलाच दोन दिवस लागले. पेटीवाला आपली पेटी आणतो, तबलजी आपला तबला आणतो, मग याने आपली पाटी आणली तर बिघडलं कुठे, असं माझं मन म्हणे. पण पेटीवाला एकाच वेळी दोन राग वाजवत नाही, असंही तेच मन लगेच म्हणे. शेवटी बेहेऱ्यांना विचारलं. ते क्षणभरही थांबले नाहीत. "एकेरी लाइनवर दोन्ही बाजूंनी गाडी आली तर काय करतो आपण? दोन्ही सिग्नल लाल. दोन्ही बटणं दाबली तर माणूस जागेवर उभा." अंतरा म्हणाली, जगभर हेच करतात. बेहेऱ्यांना हे कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण विजयाने त्यांना सांगून टाकलं, आणि तेव्हापासून ते रोज फोन करू लागले.

मग हरलेल्याला दुसरी संधी द्यायची की नाही, यावर वाद झाला. मुलांचं म्हणणं, एकदा हरला तर खालच्या फळीत जावा, दोनदा हरला तर घरी जावा. बेहेरे म्हणाले, हरला तो हरला, गाडी चुकलेल्या माणसासाठी आपण तीच गाडी पुन्हा सोडत नाही. त्यावर विजया म्हणाली, "भाऊ, तुम्ही दहावीला गणितात दोनदा बसला होतात ना?" हे तिला बेहेरे वहिनींनी सांगितलं असणार. दुसरी संधी मंजूर झाली. त्यामुळे सामन्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते, हे त्या आनंदात कोणी मोजलं नाही.

विजयाचा स्वतःचाही एक आक्षेप होता. अंतरा ज्याला घेऊन खेळते तो एक पहिलवान आहे आणि तो लंगोटात असतो. गणपतीसमोर हे चालणार नाही, असं विजयाने मला सांगितलं, जणू लंगोट मी शिवला होता. सुदैवाने त्या पहिलवानाला दुसरे कपडेही आहेत. ते घातले की तो गळाबंद कोटात येतो आणि थेट आमच्या संशोधन संस्थेच्या जुन्या संचालकांसारखा दिसतो. तेव्हापासून त्याला मार बसला की मला फार संकोच वाटायचा.

आणि मग बुआ. राजस फक्त बुआ घेऊन खेळतो. त्यामुळे बुआवर बंदी म्हणजे राजसवर बंदी, असं त्याच्या आईचं, चेतनाताईंचं म्हणणं. त्यांनी मला फोनवर सांगितलं, की काका, मी काही म्हणत नाही, पण पोराने बोर्डाच्या अभ्यासाला दिला नाही एवढा वेळ या बाईला दिला आहे. हे चूक होतं की बरोबर, ते मला ठरवता येईना. मी शेजारच्या रिझवी साहेबांकडे गेलो. ते मूळचे चौकातले, म्हणजे जुन्या लखनऊतले. तरुणपणी पतंगांच्या सामन्यांत निवाडे द्यायचे, आणि ढील देऊन कापलेला पतंग खरा की खेचून कापलेला खरा, या वादात त्यांचे दोन सख्खे मित्र गेले, म्हणजे बोलेनासे झाले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पोंक्षे साहब, मांझा हाथ काटे तो बंद कीजिए। सिर्फ़ पतंग काटे तो उसका काम ही वही है।" मला हे पटलं. पण मला काहीही पटतं, ही माझी अडचण आहे. बंदी मागणारे आले की तेही पटायचे.

शेवटी मी अंतरालाच विचारलं. बुआसमोर ती नेहमी हरते, तेव्हा बंदीत तिचाच फायदा होता. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आबा, बुआ को बैन करके जीती, तो मैंने हराया किसको?"

मी नियम लिहिला: बुआला मुभा आहे. त्याच बैठकीत, उत्साहाच्या भरात, आणखी एक लिहिला: जो खेळाडू कोणत्याही कारणास्तव खेळ थांबवील, त्याने तो राउंड गमावला असे समजावे. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द मी खाली रेघ मारून लिहिले. इतकं ठाम वाक्य मी यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. दगडफुलांबद्दल आम्ही 'बहुधा' म्हणतो.

मंडळाचा गणपती सरोजिनी नगरमधल्या एका बारातघरात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात बसतो. विमानतळ जवळ असल्यामुळे तिथे दर थोड्या वेळाने बोलणं थांबवावं लागतं. बारातघराचे व्यवस्थापक तिवारीजी अर्जाशिवाय पंखासुद्धा लावू देत नाहीत. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप लिहायचं होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, लड़ाई की प्रतियोगिता. तिवारीजींनी चष्मा काढला आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "लड़ाई लड़के वालों की तरफ़ से होगी या लड़की वालों की?"

मी सगळं समजावलं, पण समोरचा माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असला की माझा आवाज माझ्यापर्यंतच पोचतो. शेवटी मी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, आनंदाच्या भरात कोणी हवेत गोळीबार करणार नाही. दोन, पूर्ण वेळ एक डॉक्टर हजर राहील. त्यामुळे मंडळातल्या होमिओपॅथ प्रतिमाताईंना दुपारपासून पेटी घेऊन टीव्हीशेजारी बसावं लागलं. त्यांनी दिवसभरात अंगठ्यांचे तीन-चार फोड पाहिले आणि उरलेला वेळ लोकर विणली.

स्पर्धेला खरोखरच मुलं आली. आलमबागेतून, गोमती नगरातून, छावणीतून. मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बेहेरे ते पाहून खूश झाले आणि ते कोणाला दिसू नये म्हणून खुर्च्यांच्या रांगा वाकड्या आहेत असं ओरडत फिरले. मी टीव्हीशेजारी पंचाच्या खुर्चीत बसलो होतो. खरं सांगायचं तर पडद्यावर काय चाललं आहे हे मला कळत नव्हतं. मी पट्ट्या, घड्याळ आणि मुलांचे हात बघत होतो, आणि राउंड संपला की यंत्राने ज्याचं नाव लावलं त्याचं नाव जरा उशिराने जाहीर करत होतो, म्हणजे विचार केल्यासारखं वाटावं.

दुसऱ्या संधीमुळे सामने लांबत गेले. अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आरतीची वेळ होत आली होती. एका बाजूला अंतरा, दुसऱ्या बाजूला राजस. कोटातला पहिलवान आणि बुआ. पहिला राउंड बुआने घेतला, दुसरा पहिलवानाने. तिसऱ्यात दोघांच्याही पट्ट्या नखाएवढ्या उरल्या होत्या, आणि सभागृहात लोक श्वास घ्यायलाही एकमेकांची परवानगी मागत होते. तेवढ्यात मागे मखरापाशी घंटा वाजली.

आमच्या घरी निरांजन लागलं की टीव्ही बंद होतो. ते काम लग्नापासून माझ्याकडे आहे. विजया ताट घेऊन येते, मी उठतो, बटण बंद करतो आणि हात जोडतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. घंटा वाजली तेव्हाही मी विचार केला नाही. उठलो, भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि हात जोडून मागे वळलो.

सभागृहातून एक आवाज निघाला. तो कसा होता हे मला सांगता येणार नाही; पुरासारखा होता एवढं खरं. पण आरती सुरू झाली होती. अंतराने हातातला कंट्रोलर खुर्चीवर ठेवला आणि उभी राहिली. राजसही उभा राहिला. आमच्या मंडळात नागपूरचे आहेत, कोल्हापूरचे आहेत, कोकणातले आहेत, आणि प्रत्येकाच्या गावची एक आरती म्हणावीच लागते, नाहीतर वर्गणीवर परिणाम होतो. गणपती झाला, शंकर झाला, देवी झाली, विठोबा झाला. सगळ्या वेळात मी मधूनमधून मागे बंद टीव्हीकडे बघत टाळ्या वाजवत होतो.

मंत्रपुष्पांजली संपल्यावर टीव्ही लावला. पडद्यावर कोटातला पहिलवान हात उंचावून उभा होता. मी टीव्ही बंद केला होता. गेमचं यंत्र वेगळ्या बटणावर होतं, त्यामुळे गेम बंद झालाच नव्हता. घड्याळ चालत राहिलं, वेळ संपली, आणि अंतराची पट्टी केसभर लांब म्हणून यंत्राने तिला विजयी केलं होतं.

चेतनाताई उभ्या राहिल्या. "काका, मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण बटण पंचांनी बंद केलं, आणि पंचांचीच नात जिंकली. एवढंच."

मागून कोणीतरी म्हणालं की वेळ संपली म्हणजे संपली. कोणीतरी म्हणालं, आरतीत खेळ चालू राहतोच कसा. बेहेरे पहिल्या रांगेतून उठले आणि त्यांनी घसा खाकरला. हे खाकरणं मला ठाऊक आहे. त्याच्यानंतर अंताक्षरी येते. अंतरा जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

मी माइक हातात घेतला. का घेतला ते अजून मला माहीत नाही. बोलायला लागलो तेव्हा कळलं की माइक बंद आहे, आणि तो कसा लावतात हे विचारण्यात बराच वेळ गेला. मग मी म्हणालो, "नियम असा आहे, की जो कोणत्याही कारणास्तव खेळ थांबवील तो हरला. खेळ मी थांबवला. म्हणून मी हरलो. मी पंच राहू शकत नाही. हा राउंड पुन्हा खेळावा." एवढ्यात एक विमान गेलं, त्यामुळे शेवटचं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते पहिल्याइतकं चांगलं झालं नाही. मग मी बेहेऱ्यांकडे पाहून म्हणालो, "पंच म्हणून आता अध्यक्षांनी बसावं. सिग्नलची शिस्त दुसऱ्या कोणाला कळणार?"

बेहेरे उभे होतेच. बसायला खुर्ची मिळाली, ते बसले. नंतर लोक म्हणाले की ही माझी चाल होती. मला चाली सुचत नाहीत, पण मी तो समज दूर केला नाही.

रिझवी साहेब माझ्या आमंत्रणावरून आले होते; मी मागे त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. शेवटचा राउंड पुन्हा सुरू झाला. आता मला पट्ट्या बघायच्या नव्हत्या, घड्याळ बघायचं नव्हतं, कोणाचं नाव जाहीर करायचं नव्हतं. म्हणून मी बुआकडे पाहिलं. दोन दगडफुलांत फरक शोधताना कडेची एखादी बारीक सुरकुती बघावी लागते. तसं बघत राहिलो, आणि मला दिसलं, की छत्री वरून मारण्याआधी बुआ डावा खांदा किंचित उचलते. खालून मारणार असली तर नाही उचलत. पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच. हे इतकं स्पष्ट होतं की ते कोणालाच कसं दिसत नाही याचं मला आश्चर्य वाटलं. पहिलवान कोपऱ्यात सापडला होता. पट्टी संपत आली होती. बुआचा खांदा उचलला गेला.

"अंतरा, खाली बस!"

हा आवाज कोणाचा, म्हणून सगळे मागे बघू लागले. मीही मागे पाहिलं. मग लक्षात आलं की तो माझा होता. लग्नानंतर मी एवढ्या मोठ्याने बोललेलं विजयाने ऐकलं नव्हतं. त्याआधीचं मला आठवत नाही. अंतरा खाली बसली. छत्री डोक्यावरून गेली. पहिलवानाने बुआला कमरेत धरून उचललं आणि आपटलं. राउंड संपला.

चेतनाताई म्हणाल्या, की आपण दुपारपासून ओठ दाबून बसलो आहोत, पोराला एक शब्द सांगितला नाही, कारण सांगायचं नसतं असं आपल्याला वाटत होतं. सांगायचं असतं तर आपल्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बेहेऱ्यांनी पंचाच्या खुर्चीतून मला विचारलं, बाहेरून सल्ला देण्याबद्दल नियम काय आहे? मला उभं राहून कबूल करावं लागलं, की तो नियम लिहायचा राहिला. आमच्या शास्त्रात प्रेक्षक नसतात.

त्यावर रिझवी साहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "जनाब, वो सलाह नहीं थी। दाद थी।" दाद काम झाल्यावर देतात, आधी नाही, असं कोणीतरी म्हणालं. रिझवी साहेब म्हणाले, चांगला ऐकणारा आधीच देतो. राजसने मधेच सांगितलं, "मम्मी, आवाज़ मैंने भी सुनी थी। मैं छाता नीचे से मार सकता था। नहीं मारा।" त्याच्या आईने त्याला गप्प बसवलं, तू कोणाच्या बाजूने आहेस असं विचारलं.

मग अंतराने हात वर केला. "आबा ने बोला, तभी बैठी। ख़ुद से नहीं बैठती। राउंड राजस का है।"

खरं भांडण इथून पेटलं. जिंकलेला राउंड असा देता येतो का? अर्धं सभागृह म्हणे येतो, अर्धं म्हणे येत नाही. अंताक्षरीत ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही असे लोक खुर्चीवर उभे राहून मुद्दे मांडत होते. विमान आलं तेव्हा सगळे तोंड उघडं ठेवून थांबले आणि ते गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू झाले. प्रतिमाताईंनी लोकर बाजूला ठेवून दोन्ही पक्षांना साबुदाण्याच्या गोळ्या वाटल्या. सगळ्यांत मोठा आवाज बेहेऱ्यांचा होता. निर्णय खेळाडू देत नाही, पंच देतो, हे ते टेबल बडवून सांगत होते. आणि पंच म्हणून त्यांनी निर्णय दिला: राउंड राजसचा, स्पर्धा राजसची, आणि सल्ल्याचा नियम आत्ताच्या आत्ता लिहून घ्या, पोंक्षे.

राजसला बक्षीस मिळालं. अंतराने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि दोघं तिथेच बसून खांद्याबद्दल बोलू लागली. ती पोरं एवढं खेळतात, पण बुआचा खांदा कोणी पाहिला नव्हता.

प्रसाद वाटताना विजयाने बेहेऱ्यांना विचारलं, अगदी सौम्यपणे, "मग भाऊ, भांडण तर झालं. पुढच्या वर्षी अंताक्षरी ना?"

बेहेऱ्यांचा घसा बसला होता. "भांडण कुठे, वहिनी," ते म्हणाले. "नियमांची चर्चा झाली. व्हायलाच पाहिजे." मग ते अंतराकडे वळले. "पुढच्या वर्षी पंच मात्र आधीच ठरवा. आजोबाच ना?"

अंतराने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी खिडकीकडे पाहिलं नाही.

"नहीं अंकल," ती म्हणाली. "आबा पंच नहीं चलेंगे। इनको अब दिखने लगा है।"

विजयाने माझ्या ताटलीत आणखी एक मोदक ठेवला. माझं सांत्वन करायला हवं असं तिला वाटलं.